काच शेवटी लावा : जालना रस्त्यावरील आपल्या इमारतीच्या सभासदांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, व्यवस्थापन समितीचे सदस्य
आणि सर्व गाळेधारक व सदनिकाधारक सभासद,
जालना रस्त्यावरील आपली नऊ मजली इमारत,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : इमारतीचे आधुनिक कार्यालयांत रूपांतर करण्याचा प्रस्ताव आणि त्यातील कामांचा क्रम.

सप्रेम नमस्कार.

आपल्या इमारतीच्या वरच्या सात मजल्यांचे आधुनिक कार्यालयांत रूपांतर करण्याचा प्रस्ताव पुढील सर्वसाधारण सभेपुढे येत आहे. त्याची प्रत सर्वांना मिळाली आहे आणि मुखपृष्ठावरचे निळ्या काचेचे चित्र पाहून अनेकांनी मनातल्या मनात होकार देऊनही टाकला आहे, असे लिफ्टसमोर आणि पार्किंगमध्ये चाललेल्या बोलण्यावरून दिसते. मी या इमारतीतला एक गाळेधारक आहे आणि व्यवसायाने आरसीसी डिझाइन करणारा स्थापत्य अभियंता आहे. रूपांतराला माझा विरोध नाही. किंबहुना ते व्हायला हवे, असेच माझे मत आहे. माझा आक्षेप आहे तो कामांच्या क्रमाला. प्रस्तावात दर्शनी काच, प्रवेशदालन आणि नव्या लिफ्ट पहिल्या टप्प्यात आहेत, तर ‘संरचनात्मक तपासणी व आवश्यक ती दुरुस्ती’ ही एकच ओळ शेवटच्या पानावर, ठोक रकमेसह, उरकून टाकलेली आहे. हा क्रम उलटा करावा, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र आहे. ते खुले ठेवण्याचे कारण असे की १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाल्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत शहरात ज्या बहुमजली इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या अनेकांपुढे आज हाच प्रश्न आहे आणि तिथल्या समित्यांच्या हातीही अशीच चित्रे पडणार आहेत.

कार्यालयांना मागणी आहे, हे समितीचे म्हणणे खरे आहे. ऑरिक या औद्योगिक नगरीच्या शेंद्रा-बिडकीन पट्ट्यासाठी २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर आणि एथर या वाहन कंपन्यांच्या प्रकल्पांच्या घोषणा झाल्या आणि त्यांच्यामागून येणारे पुरवठादार, सल्लागार, लेखापाल व बँका यांना शहरात, रस्त्यालगत, तयार जागा लागणार आहे. मात्र असा भाडेकरू जागा पाहायला येतो तेव्हा त्याचा माणूस आधी अग्निशमनाचे ना हरकत प्रमाणपत्र मागतो, स्लॅबवर किती भार चालेल ते विचारतो आणि विजेचा मंजूर भार पाहतो. दर्शनी भाग त्याने बाहेरूनच पाहिलेला असतो. म्हणजे आपण ज्यावर सर्वांत आधी पैसा ओतणार आहोत, त्याविषयी तो शेवटी बोलणार आहे.

दुसरीकडे काही सभासदांचे म्हणणे आहे की जुन्या इमारतीत पैसा घालण्यापेक्षा ती पाडून नवी बांधावी. या मताकडे दुर्लक्ष करता येणार नाही, पण ते घाईचे आहे. २१ जून २०१२ च्या आगीत मंत्रालयाचे वरचे मजले जळाले, तरी इमारत पाडली गेली नाही. दुरुस्ती व नूतनीकरण करून ती पुन्हा वापरात आणली गेली. नरिमन पॉइंटची एअर इंडियाची तेवीस मजली इमारत १९७४ ची आहे, आणि राज्य शासनाने ती कार्यालयांसाठी १,६०१ कोटी रुपयांना घेतली. सिडनीत १९७६ मध्ये बांधलेला एक मनोरा २०२२ मध्ये नव्याने उभा राहिला, तेव्हा त्याचे सुमारे ६५ टक्के कॉलम, बीम व स्लॅब आणि लिफ्ट-जिन्यांच्या मधल्या गाभ्याचा ९५ टक्के भाग तसाच ठेवला होता. सांगाडा चांगला असेल तर तो पाडणे म्हणजे एकदा पैसे मोजून घेतलेले सिमेंट आणि लोखंड पुन्हा पैसे मोजून फेकून देणे होय. त्यात आपल्या दोन्ही बाजूंना लागून इमारती आहेत आणि तळमजल्यावरच्या दुकानदारांचा धंदा आहे. पाडकाम ते बांधकाम पूर्ण होईपर्यंतची वर्षे ते काय करतील, याचे उत्तर पाडण्याच्या बाजूने बोलणाऱ्या कोणी अद्याप दिलेले नाही. तरीही सांगाडा चांगला नसेल तर मीच पाडण्याच्या बाजूने हात वर करीन. तो चांगला आहे की नाही, हे मात्र आज आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नाही, आणि नेमकी तीच गोष्ट प्रस्तावाने गृहीत धरली आहे.

समितीच्या सदस्यांनी एकदा सवड काढून गच्चीवर यावे, अशी माझी विनंती आहे. पॅरापेट बांधला तेव्हा तो छातीच्या खाली येत असणार. आज तो जेमतेम मांडीपर्यंत येतो. जिन्याच्या टोपीतून बाहेर पडताना पूर्वी खाली एक पायरी होती, ती आता वर चढावी लागते. कारण गळती झाली की वीटबंदी कोबा (वीट-तुकडे व सिमेंटचा जाड थर), पुन्हा गळती झाली की त्याच्यावर दुसरा कोबा, आणि मग त्याच्यावर चायना मोझॅक, अशी ही गच्ची वर्षानुवर्षे वाढत आली आहे. जुना थर काढून टाकण्याची मजुरी वाचवली गेली आणि वजन मात्र स्लॅबच्या माथी राहिले. चार इंच कोब्याचे वजन चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भरते. आपली गच्ची अदमासे पाचशे चौरस मीटर धरली, तर असा प्रत्येक थर शंभर टन होतो. भारतीय मानकाप्रमाणे जाण्यायेण्याच्या गच्चीचा चल भार (माणसे-सामान यांचा बदलता भार) दीडशे किलो प्रति चौरस मीटर धरला जातो, म्हणजे त्याहून अधिक वजन एकेका थराने कायमचे येऊन बसले आहे. वर पाण्याच्या काळ्या टाक्यांची रांग आहेच, आणि हजार लिटरची टाकी भरली की एक टन होते.

मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. आपल्याकडे माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरावर दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर चढवीत आणि जुना तसाच राही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात माणसे दगावली ती बहुतांशी मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि ते जडशीळ माळवद अंगावर कोसळून. आपल्या गच्चीवरचा कोबा हे सिमेंटचे माळवद आहे. आपले शहर भूकंपाच्या नकाशावर दुसऱ्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या, विभागात मोडते, लातूरचा परिसर २००२ च्या सुधारणेनंतर तिसऱ्यात गेला, हे खरे. पण दुसरा विभाग म्हणजे भूकंप होणारच नाही असा विभाग नव्हे. शिवाय सळ्यांची बांधणी भूकंपात लवचीक राहावी यासाठीचे आयएस १३९२० हे मानक १९९३ मध्ये आले. आपली इमारत त्याच्या आधीची आहे, तेव्हा तिच्या कॉलमांतल्या रिंगा किती अंतरावर आहेत, त्यांच्या टोकांचे हूक आतल्या बाजूला वळवले आहेत की नाही, हे उघडून पाहिल्याखेरीज कळणार नाही.

तपासणी म्हणजे हातोडीने ठोकून पाहणे आणि पोपडे आले तिथे गवंड्याकडून गिलावा करून घेणे, असा एक सर्वत्र रूढ समज आहे. तो चुकीचा आहे. आपली इमारत बांधली त्या काळी आरसीसीसाठी एम-१५ दर्जाचे काँक्रीट चालत असे (एम-पुढचा आकडा जितका मोठा तितके काँक्रीट मजबूत). किमान एम-२० ची अट आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीने घातली. चांगले काँक्रीट क्षारधर्मी असते आणि त्या क्षारतेमुळेच आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत गेला की ही क्षारता पृष्ठभागापासून आत आत कमी होत जाते. तो थर सळईपर्यंत पोचला आणि त्यात ओल मिळाली की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट अधिक जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटते आणि पोपडा पडतो. पोपडा हा शेवट आहे, सुरुवात नव्हे. तपासणीत कॉलममधून काढलेल्या गाभ्यावर, म्हणजे काँक्रीटच्या नळकांड्याएवढ्या नमुन्यावर, क्षारता दाखवणारे फेनॉल्फथेलिन हे द्रावण शिंपडले तर निरोगी भाग गडद गुलाबी होतो आणि क्षारता संपलेल्या भागाला रंग चढत नाही. फूटपट्टी लावून तो किती मिलिमीटर आत गेला ते कोणालाही मोजता येते. ही चाचणी सभासदांच्या डोळ्यांदेखत व्हावी असे मला वाटते, कारण एकदा तो रंग पाहिला की सभेत तासभर वाद घालावा लागणार नाही. तिच्या जोडीला ध्वनिलहरींची चाचणी हवी. त्यात लहरींचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगले आणि तीनच्या खाली असेल तर शंकास्पद, असे सर्वसाधारण मोजमाप आहे. शिवाय गाभ्यांची दाबक्षमता आणि सळईच्या गंजाची विद्युत चाचणी हवी. नमुने प्रत्येक मजल्यावरून घ्यावेत, आणि विशेषतः जुन्या संडास-न्हाणीघरांच्या खालून. तिथले सन्कन (खाली उतरवलेले) स्लॅब वीट-तुकड्यांनी भरलेले असतात आणि गळक्या जोडांचे पाणी त्यात बारमाही साचून राहते. इमारतीतली सर्वांत वाईट सळई सापडली तर तिथेच सापडेल.

आता क्रमाचा मुद्दा पैशांच्या भाषेत सांगतो. कॉलम कमकुवत निघाले तर त्यांना जॅकेटिंग करावे लागेल, म्हणजे जुन्या कॉलमभोवती नव्या सळ्या व सूक्ष्म काँक्रीटचा वेढा घालावा लागेल. त्याने कॉलम प्रत्येक बाजूने तीन-चार इंच वाढतो. आज वास्तुविशारदाने मांडलेले टेबलांचे आराखडे, काचेच्या पडद्या, दारांची रुंदी हे सगळे त्या इंचांनी चुकेल, आणि आधी लावलेली दर्शनी काच कडेच्या कॉलमांच्या जॅकेटिंगसाठी उतरवावी लागेल. एकच काम दोनदा करण्याचा खर्च कोणत्याही दुरुस्तीच्या खर्चापेक्षा जिवावर येतो.

भाराचे गणितही कोणी केलेले दिसत नाही. खालचे दोन मजले दुकानांसाठी मंजूर झाले आणि वरचे सात मजले सदनिका म्हणून. निवासी स्लॅबचा चल भार चौरस मीटरला दोनशे किलो धरतात. कार्यालयात कागदपत्रांची साठवण स्वतंत्र असेल तर अडीचशे आणि नसेल तर चारशे. सनदी लेखापालांच्या कार्यालयातली फायलींची लोखंडी कपाटे किंवा यूपीएसच्या बॅटऱ्यांची मांडणी ज्यांनी हलवून पाहिली आहे, त्यांना हा फरक कागदी वाटणार नाही. याला एक चांगली बाजूही आहे. सदनिकांमधल्या साडेचार इंची विटांच्या भिंती काढल्या तर प्रत्येक धावत्या मीटरमागे सुमारे सातशे किलो वजन कमी होते, आणि त्यांच्या जागी जिप्समच्या हलक्या पडद्या आल्या तर कार्यालयाचा वाढीव भार बऱ्याच अंशी भरून निघतो. जुन्या लाद्यांवर ग्रॅनाइट बसवण्याऐवजी जुन्या लाद्या काढल्या, तर आणखी दिलासा मिळतो.

पण भिंती काढण्यात एक धोका आहे आणि त्याकडे मी सर्वांचे लक्ष वेधू इच्छितो. ‘या भिंती भार घेत नाहीत, खुशाल पाडा’ हे वाक्य प्रत्येक कंत्राटदाराच्या तोंडी असते. उभ्या भाराबाबत ते बरोबर आहे. आडव्या हादऱ्यात मात्र कॉलम-बीमच्या चौकटीत गच्च बसलेल्या विटांच्या भिंती इमारतीला ताठपणा देतात. एखाद्याच मजल्यावरच्या भिंती काढल्या आणि वरखालच्या ठेवल्या, तर तो मजला इतरांच्या मानाने मऊ होतो आणि सगळी हालचाल त्याच्यावर येऊन पडते. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत ज्या बहुमजली इमारती कोसळल्या, त्यांत खाली भिंतींविना मोकळे पार्किंग असलेल्या अनेक होत्या. आपल्या प्रस्तावात ज्या मजल्याचा भाडेकरू आधी मिळेल तो मजला आधी मोकळा करायचा, असे ठरले आहे. संरचना अभियंत्याच्या लेखी हिशेबाशिवाय हे होता कामा नये. आजही चौथ्या मजल्यावर दोन सदनिका एक करताना मधली भिंत कोणाच्याही सल्ल्याशिवाय काढली गेलेली आहे. त्यात कोणाचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही, पण तपासणीत तिची नोंद व्हायला हवी.

आगीविषयी थोडे कठोर बोलावे लागेल. राष्ट्रीय बांधकाम संहिता पंधरा मीटर व त्याहून उंच इमारतीला उंच इमारत मानते. आपली जवळपास सत्तावीस मीटर आहे. कार्यालयात दर दहा चौरस मीटरमागे एक माणूस धरतात. आपला एक मजला पाचशे चौरस मीटरचा, म्हणजे सात मजल्यांवर साडेतीनशे माणसे; सदनिका भरलेल्या होत्या तेव्हा याच्या निम्मीही नसतील. कार्यालयांसाठी जिना दीड मीटर रुंद लागतो आणि आपला चार फुटांचा आहे, तोही एकच. त्या जिन्याखाली मीटर-रूम आहे, मीटरच्या समोर तळमजल्यावरच्या दुकानाची रिकामी खोकी रचलेली असतात, आणि वायरींच्या डक्टला मजल्यांच्या पातळीवर कुठेही अडसर नसल्यामुळे खाली धूर झाला तर तो चिमणीसारखा थेट वरपर्यंत जाईल. इमारतीमागे सोडलेल्या मोकळ्या जागेत दुसरा जिना बसतो का, हे अग्निशमन विभागाशी आधी बोलून घ्यावे; बसत नसेल तर किती मजले कार्यालये करता येतील, हाच प्रश्न नव्याने मांडावा लागेल. मीटर-रूम हलवणे, डक्ट प्रत्येक स्लॅबवर अग्निरोधक साहित्याने बंद करणे, पाण्याचा राखीव साठा, फवारे आणि पंप या कामांना सभेत टाळ्या मिळणार नाहीत, याची मला कल्पना आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी व जुलैमध्ये परवानाधारक संस्थेचे यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. नवी यंत्रणा बसवली की हा खर्च कायमचा आहे, तो देखभाल शुल्कात आत्ताच धरावा.

दर्शनी भागासाठी काचेच्या जोडीला एसीपी शीट (दोन ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये गाभा भरलेले तक्ते) सुचवले आहेत. लंडनच्या चोवीस मजली ग्रेनफेल टॉवरला २०१६ मध्ये पूर्ण झालेल्या नूतनीकरणात असेच ॲल्युमिनियमचे पत्रे लावले होते, ज्यांच्या आत पॉलिथिलीन या पेट घेणाऱ्या प्लास्टिकचा थर होता. १४ जून २०१७ रोजी एका स्वयंपाकघरातल्या फ्रीजपासून लागलेली आग त्या पत्र्यांवरून भराभर वर चढली आणि ७२ माणसे मेली. इमारत जुनी होती म्हणून हे घडले नाही, तर ती ‘नवी’ करताना जे लावले त्याने घडले. आपल्याला मिळालेल्या कोटेशनमध्ये पत्र्याच्या गाभ्याचा प्रकार लिहिलेलाच नाही.

त्याच चित्रात खिडक्यांवरचे दोन फुटी छज्जे छाटून सलग काच दाखवली आहे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो त्या शहरात, पश्चिमेकडे तोंड असलेल्या इमारतीचे छज्जे कापायचे आणि मग आत शिरलेले ऊन एसीने बाहेर काढायचे, हा सल्ला कोणाच्या विजेच्या बिलावर दिला आहे ते विचारायला हवे. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता भिंतीच्या चाळीस टक्क्यांपर्यंत काच पुरे, असे सांगते. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये २०१० च्या सुमारास ६,५१४ खिडक्या काढून, त्याच इमारतीच्या पाचव्या मजल्यावर कारखाना थाटून, जुन्याच काचा-चौकटींत पातळ फिल्मचा नवा पडदा घालून परत बसवल्या गेल्या आणि इतर कामांसह इमारतीचा ऊर्जा वापर सुमारे ३८ टक्क्यांनी घटला. दर्शनी भाग न बदलता हे साधले. आपल्या छज्ज्यांची दुरुस्ती करून, खिडक्यांना चांगली दुहेरी काच बसवून इमारत देखणी होऊ शकते. तिने नरिमन पॉइंटसारखे दिसलेच पाहिजे, असा काही नियम नाही.

एसीबाबत एकच सांगतो. स्लॅब ते स्लॅब उंची दहा फूट, त्यात दीड फुटी बीम. त्याखालून पत्र्याचे डक्ट आणि फॉल्स सीलिंग नेले तर उंच माणसाचा हात वर टेकेल. तांब्याच्या बारीक नळ्यांवर चालणारी यंत्रणा घ्यावी आणि खोलीच्या मध्यभागी सीलिंग करूच नये. लिफ्ट, पार्किंग आणि विजेचा वाढीव भार यांवर समितीने चांगले काम केले आहे. त्यात माझी भर घालण्यासारखे काही नाही.

शेवटी कायद्याचे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून करून घेणे ही मालकाची जबाबदारी आहे, तेव्हा मी मागतो ती तपासणी ऐच्छिक नाहीच. सदनिकेचे कार्यालय करणे हा १९६६ च्या नगररचना अधिनियमानुसार वापरातील बदल ठरतो आणि त्याला परवानगी लागते. ती मिळण्याआधी भाडेकराराचे आगाऊ पैसे घेणे कोणाच्याही हिताचे नाही. हितसंबंधाचा प्रश्न निघू नये म्हणून ही तपासणी मी किंवा माझे कार्यालय करणार नाही; समितीने बाहेरचा अभियंता नेमावा.

म्हणून सभेपुढच्या ठरावात असा बदल करावा, अशी माझी सूचना आहे : पहिल्या टप्प्याचा निधी केवळ तपासणी, गच्चीवरील कोब्याचे जुने थर उतरवणे, मीटर-रूमचे स्थलांतर आणि अग्निशमन विभागाशी सल्लामसलत यांपुरता मंजूर करावा, तपासणीचा संपूर्ण अहवाल, गोषवारा नव्हे, प्रत्येक सभासदाला द्यावा, आणि दर्शनी भागाच्या कोटेशनवर त्यानंतरच्या सभेतच चर्चा घ्यावी. कोबा उतरवताना राडारोडा गच्चीच्या एका कोपऱ्यात रचून ठेवू नये, रोजच्या रोज खाली न्यावा, हे कंत्राटात लिहून घ्यावे.

आणखी एक. इमारतीचे मूळ आरसीसी नकाशे समितीच्या दप्तरात नाहीत. बिल्डरकडून गाळा घेणाऱ्या पहिल्या पिढीतल्या सभासदांकडे, खरेदीखताच्या जुन्या फायलीत, अमोनिया प्रिंटची घडी पडलेली असण्याची दाट शक्यता आहे. निळसर-जांभळ्या रेषांचा, कॉलमांना सी-१, सी-२ असे क्रमांक दिलेला कागद दिसला तर कृपया तो फाटका असला तरी सभेला घेऊन यावा. पायाची खोली आणि सळ्यांचा तपशील त्यावरून मिळाला, तर तपासणीसाठी कराव्या लागणाऱ्या फोडाफोडीतली बरीचशी वाचेल.

आपला,
एक गाळेधारक सभासद व स्थापत्य अभियंता